ट्रेडमिलवर टायमिंग बसते, ग्राउंडवर निसटते : भरतीच्या धावणीतील तफावत कशी शोधावी

पावसाळा सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक मैदानांवर चिखल होतो, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली नाइलाजाने जिमकडे वळतात. ऐरोलीत ज्या जिममध्ये मी काम करतो, तिथे जून ते सप्टेंबर या काळात सकाळी सहाच्या आधीच ट्रेडमिलसाठी रांग लागते. दिघा, रबाळे, कळवा, विटावा अशा भागांतून ही मुले येतात आणि त्यांतील काही जण रात्रपाळी संपवून थेट येतात. चार महिने ती मनापासून घाम गाळतात, वहीत रोजचे टायमिंग लिहून ठेवतात, आणि पाऊस ओसरल्यावर पहिल्यांदा ग्राउंडवर वेळ घेतली की त्यांचा धीर खचतो. मशीनवर जे अंतर 5 मिनिटे 10 सेकंदांत व्हायचे, तेच अंतर ग्राउंडवर 5 मिनिटे 40 सेकंद खाते. दरवर्षी हीच तक्रार माझ्याकडे येते, म्हणून ती कशी तपासावी आणि कशी दूर करावी, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी आकडे स्पष्ट करून घेऊ. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावावे लागते. पूर्ण 20 गुण हवे असतील, तर 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत आणि 800 मीटर 2 मिनिटे 50 सेकंदांत संपवावे लागते. मीटरला सेकंदांनी भागून 3.6 ने गुणले की ताशी किलोमीटरमधील वेग मिळतो. त्या हिशेबाने पुरुषांसाठी हा वेग सुमारे 18.6 आणि महिलांसाठी सुमारे 16.9 येतो. केंद्रीय सशस्त्र दलांच्या शिपाई भरतीत पुरुषांचे 5 किलोमीटर 24 मिनिटांत संपवायचे असतात, त्यासाठी ताशी 12.5 चा वेग पुरतो. घरगुती ट्रेडमिल बहुधा 12 ते 16 पर्यंतच धावतात, त्यामुळे 1600 मीटरवाल्यांना आपले मशीन मुळात तेवढा वेग देते का, हे पहिल्या दिवशीच पाहावे लागते. पडद्यावरील आकडा किलोमीटरचा आहे की मैलाचा, हेही एकदा पाहून घ्यावे, कारण मैलावर लावलेल्या मशीनवर 10 म्हणजे 16 किलोमीटर असतात.

तफावत दिसली की मुले दोनांपैकी एक निष्कर्ष काढतात : "मशीन खोटे आहे" किंवा "आपल्यात दमच नाही". माझ्या अनुभवात दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. हरवलेले सेकंद एकाच ठिकाणी गेलेले नसतात. ते तीन-चार ठिकाणी थोडे थोडे सांडलेले असतात, आणि प्रत्येक ठिकाण वेगळे मोजता येते. म्हणून सराव वाढवण्याच्या आधी मोजमाप करावे, असा माझा आग्रह असतो.

गेल्या वर्षी दिघ्याची एक मुलगी 800 मीटरच्या तयारीसाठी येत होती. मशीनवर 17 चा वेग ठेवून ती पूर्ण 800 मीटर धावायची, म्हणजे 2 मिनिटे 49 सेकंद. ऑक्टोबरात 400 मीटरच्या ट्रॅकवर तिला 3 मिनिटे 9 सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, वीस सेकंद कुठे गेले, ते मला सांगा." तिचा प्रश्न मला फार आवडला, कारण तिने दोष द्यायला कोणी शोधले नव्हते, ती हिशेब मागत होती. तो हिशेब आम्ही ज्या क्रमाने मांडला, त्याच क्रमाने इथे देतो.

पहिली तपासणी : पट्टा खरोखर किती वेगाने फिरतो?

पडद्यावर दिसणारा वेग म्हणजे मोटर आणि रोलर यांच्या फेऱ्यांवरून मशीनने काढलेला अंदाज असतो. पायाखालचा पट्टा त्या रोलरवरून घसरत असेल, तर पडदा 17 दाखवतो आणि पट्टा मात्र त्याहून हळू फिरतो. धावणाऱ्याचे पाऊल पडते त्या क्षणी घर्षण वाढते, त्यामुळे रिकामे मशीन बरोबर वेग दाखवते आणि कोणी त्यावर धावायला लागले की मागे पडते. म्हणूनच ही तपासणी माणूस धावत असतानाच करावी लागते.

मशीन बंद करून त्याचा प्लग काढावा. पट्ट्याच्या कडेला व्हाइटनरचा एक ठळक ठिपका द्यावा आणि शिंप्याच्या टेपने पट्ट्याची पूर्ण लांबी मोजावी. पट्टा हाताने थोडा थोडा पुढे ओढत, जिथवर मोजले तिथे खडूची खूण करत गेले, की पाच मिनिटांत हे काम होते. आमच्या त्या मशीनचा पट्टा 3.10 मीटर भरला, म्हणजे ठिपका 50 वेळा फिरून आला की 155 मीटर अंतर होते. ताशी 17 च्या वेगाने 155 मीटरला 32.8 सेकंद लागायला हवेत. मग मोबाइल एका स्टुलावर ठेवून, पट्ट्याची कड स्पष्ट दिसेल अशा कोनात व्हिडिओ सुरू केला आणि तिला 17 वर धावायला सांगितले. इतक्या वेगात ठिपका डोळ्यांनी मोजता येत नाही, मात्र व्हिडिओ हळू करून पाहिला की एकेक फेरी स्वच्छ दिसते. पन्नास फेऱ्यांना 34.4 सेकंद लागले होते. याचा अर्थ पट्टा ताशी 16.2 ने फिरत होता. तिने "800 मीटर" म्हणून जे वहीत लिहिले होते, ते प्रत्यक्षात 763 मीटरच्या आसपास होते. त्या खऱ्या वेगाने पूर्ण 800 मीटरला 2 मिनिटे 58 सेकंद लागले असते. वीसांपैकी जवळपास नऊ सेकंद इथेच सापडले.

नंतर तीच मोजणी रिकाम्या मशीनवर केली, तेव्हा 32.9 सेकंद आले. हा फरक निदानासाठी फार उपयोगी आहे. रिकामे असतानाही वेग चुकत असेल, तर मशीनचे कॅलिब्रेशन बिघडलेले असते आणि ते तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे लागते. फक्त माणूस चढल्यावर वेग पडत असेल, तर पट्टा सैल झालेला असतो, त्याखालची फळी कोरडी पडलेली असते, किंवा मोटरचा आतला पट्टा झिजलेला असतो. आमच्या मशीनची फळी कोरडी होती. पट्टा उचलून खाली सिलिकॉन तेल दिले आणि मागच्या रोलरचे दोन्ही बोल्ट ॲलन कीने पाव पाव फेरी आवळले. दोन्ही बाजू सारख्याच आवळाव्या लागतात, नाहीतर पट्टा एका बाजूला सरकून कडेला घासू लागतो. जास्त आवळल्यास मोटरवर आणि बेअरिंगवर ताण येतो, म्हणून पाव फेरीनंतर थांबून पुन्हा मोजावे. दुरुस्तीनंतर ती धावत असताना 33.1 सेकंद आले, म्हणजे 16.9 चा वेग, आणि तेवढे पुरेसे होते. जिमचे मशीन असेल, तर बोल्टला स्वतः हात न लावता मोजलेले आकडे तेथील माणसाला दाखवावेत. घरी मशीन असेल आणि ते लांबच्या एक्स्टेंशन बोर्डवर चालत असेल, तर आधी ते थेट भिंतीतील जाड पिनच्या सॉकेटला लावून पाहावे, कारण व्होल्टेज पडले की वेगही पडतो.

मनगटावरच्या घड्याळाने ही तपासणी होत नाही. जिममध्ये जीपीएसचा उपयोग नसतो, आणि घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंतराचा अंदाज बांधते.

दुसरी तपासणी : वेळ कुठून सुरू केली?

बहुतेक मुले पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर पाय ठेवून उभी राहतात, वेग वाढू देतात, आणि तो 18 ला पोहोचला की पट्ट्यावर उडी घेऊन स्टॉपवॉच दाबतात. भरतीत मात्र उभ्या जागेवरून सुटायचे असते, त्यात एक-दोन सेकंद जातातच. शिवाय मशीन पट्ट्याचे अंतर मोजते, तुमचे मोजत नाही. मध्ये दम घ्यायला कडेवर पाय ठेवून उभे राहिलात, तरी पडद्यावरचे मीटर वाढतच राहतात. कित्येकांच्या वहीतील 1600 मीटरमध्ये असे न धावलेले शंभर-दीडशे मीटर असतात, आणि त्यांना ते ठाऊकही नसते. यावर उपाय एकच आहे : मध्ये थांबलात, तर ते टायमिंग धरू नये.

समोरचा दांडा पकडून धावणाऱ्यांनी ती सवय आजच सोडावी. दांडा धरला की शरीराचे वजन हातांवर जाते आणि पायांचे काम हलके होते. 18 च्या वेगाला दांडा धरल्याशिवाय टिकता येत नसेल, तर तो वेग अजून आपला झालेला नाही.

तिसरी तपासणी : हवा आणि चढ

ग्राउंडवर आपण हवेला कापत पुढे जातो, मशीनवर जागच्या जागी धावतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सावकाश धावताना तो जाणवत नाही, पण 17-18 च्या वेगाला त्याची दखल घ्यावी लागते. 1996 मध्ये ॲंड्र्यू जोन्स आणि जोनाथन डूस्ट या संशोधकांनी ट्रेडमिलवर आणि रस्त्यावर धावताना लागणाऱ्या ऑक्सिजनची तुलना केली, तेव्हा 1 टक्का चढ दिलेले ट्रेडमिल रस्त्याशी सर्वांत जवळचे जुळले. म्हणून वेगाच्या सरावाला चढ 1 वर ठेवावा.

ज्यांचे मशीन 16 च्या पुढे जात नाही, त्यांनाही चढाचा आधार घेता येतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या धावण्याच्या सूत्रानुसार, तेवढ्याच वेगात चढ 1 टक्क्याने वाढवला, तर श्रम वेग साडेचार टक्क्यांनी वाढवल्याइतके वाढतात. म्हणजे 16 चा वेग आणि 3 टक्के चढ घेतला, त्यातला 1 टक्का हवेच्या बदल्यात सोडून दिला, तर सपाट मैदानावरील सुमारे 17.4 इतके श्रम पडतात. छाती आणि फुप्फुसांना यातून तयारी मिळते. पाय भराभर उचलण्याची सवय मात्र चढावर लागत नाही, ती 200-300 मीटरच्या वेगवान धावांनी ग्राउंडवरच लावावी लागते. पाऊस असेल त्या दिवसांत उघडीप मिळताच एखाद्या रुंद, कमी वाहनांच्या रस्त्यावर पहाटे त्या धावा उरकून घ्याव्यात.

चौथी तपासणी : चाल कोण धरतो?

माझ्या मते सर्वांत मोठी गळती इथे होते, आणि मशीन दुरुस्त करून ती थांबत नाही. ट्रेडमिलवर चाल मशीन धरते. तुम्ही दमलात तरी पट्टा दमत नाही, आणि तुम्हाला उत्साह आला तरी पट्टा पळत सुटत नाही. चार महिने असे धावल्यावर स्वतःची चाल स्वतः ओळखण्याची सवय मोडते. मग ग्राउंडवर शिट्टी वाजते, शेजारचा मुलगा सुसाट सुटतो, आणि आपणही त्याच्यामागे सुटतो.

त्या मुलीच्या दोन फेऱ्यांची वेळ मी वेगवेगळी घेतली होती. पहिली फेरी 82 सेकंदांची होती आणि दुसरी 107 सेकंदांची. 2 मिनिटे 50 सेकंदांसाठी प्रत्येक फेरी 85 सेकंदांची हवी. म्हणजे पहिल्या फेरीत तिने तीन सेकंद कमावले आणि दुसऱ्या फेरीत बावीस गमावले. शेवटच्या वळणावर तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते, हात छातीशी आवळले गेले होते आणि पावले जड पडत होती. सुरुवात झेपेल त्याहून जोरात झाली की पाय असे भरून येतात. 1600 मीटरवाल्यांचे चित्र थोडे लांबलेले असते : पहिली फेरी 69, मग 80, मग 90, शेवटची कशीबशी 88, म्हणजे एकूण 5 मिनिटे 27 सेकंद. हाच मुलगा प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत काढायला शिकला, तर 5 मिनिटे 10 सेकंदांत येतो.

यासाठी दोन गोष्टी आम्ही करतो. मशीनवर पडद्यावर टॉवेल टाकायचा आणि जोडीदाराने 15.5 ते 17.5 च्या दरम्यान कोणताही वेग लावायचा. धावणाऱ्याने एका मिनिटानंतर तो वेग किती, हे सांगायचे. सुरुवातीला अंदाज एक-दीड किलोमीटरने चुकतात, तीन-चार आठवड्यांनी श्वासाच्या लयीवरून आकडा बऱ्यापैकी जवळ सांगता येतो. ग्राउंडवर दर 100 मीटरला खूण करून जोडीदाराने शिट्टी वाजवायची : 800 मीटरवालीसाठी 21 सेकंदांनंतर पहिली, मग साडेबेचाळीसला दुसरी, अशी. शिट्टीच्या आधी खुणेवर पोहोचणे हीसुद्धा चूक धरायची. मुलांना हे पटायला वेळ लागतो. लवकर पोहोचणे म्हणजे चांगले, असेच त्यांना वाटत असते, पण पहिल्या 200 मीटरला लवकर पोहोचल्याची किंमत शेवटच्या 200 मीटरला चुकवावी लागते.

पाचवी तपासणी : वळणे आणि गर्दी

मशीनवर वळण नसते. 400 मीटरच्या प्रमाणित ट्रॅकवर अंतर पहिल्या लेनमध्ये, आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटरवर मोजलेले असते. लेनची रुंदी 1.22 मीटर असते, त्यामुळे एक लेन बाहेरून धावले की प्रत्येक फेरीला सुमारे 7.7 मीटर जास्त पडतात. 1600 मीटरच्या चार फेऱ्यांत हे 30 मीटरच्या वर जाते आणि जवळपास सहा सेकंद खाते. आमच्या मुलीने गर्दी टाळण्यासाठी दोन्ही फेऱ्या दुसऱ्या लेनमध्ये काढल्या होत्या, त्यात तिचे तीन सेकंद गेले. ओलांडायचे असेल तर सरळ पट्ट्यात ओलांडावे, वळणावर आतल्या कडेला चिकटून राहावे आणि समोरच्याच्या पाठीमागे धीर धरावा.

आपल्याकडची बरीच मैदाने 400 मीटरची नसतात. दोनशे-अडीचशे मीटरच्या फेरीत वळणे आखूड आणि जास्त असतात, तिथे वेळ थोडी वाढणारच. अशा मैदानावर मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नये, कारण आजूबाजूच्या उंच इमारतींमुळे अंतर चुकते. मोजणीचा लांब टेप आणून एकदा फेरी मोजून घ्यावी आणि चुन्याने खुणा कराव्यात.

उरले हवामान. एसीत, पंख्यासमोर धावणारा माणूस ऑक्टोबरच्या दमट सकाळी मैदानात उतरला की घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, आणि शरीर तापत जाते. उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी वेळ घेण्याचा हट्ट करू नये. चक्कर आली, छातीत दुखले किंवा अंगावर काटा येऊन थंडी वाजू लागली, तर त्याच क्षणी थांबून सावलीत बसावे आणि डॉक्टरांना दाखवावे. पायांनाही वेळ द्यावा लागतो : मशीनची फळी दबते, काँक्रीट दबत नाही, त्यामुळे सारा सराव एका दिवसात बाहेर हलवला की पोटऱ्या आणि नडग्या दुखू लागतात. परीक्षेत जे बूट घालणार, तेच सरावाला वापरावेत.

एवढे मोजून झाल्यावर तिच्या वहीत हिशेब असा उतरला : पट्ट्याचे नऊ सेकंद, सुरुवातीचे दोन, बाहेरच्या लेनचे तीन, आणि उरलेले सहा चुकलेल्या चालीचे व उकाड्याचे. पट्ट्याच्या नऊ सेकंदांचे तिला वाईट वाटले, कारण ते तिने कधी कमावलेच नव्हते. तरीही आठवड्याची आखणी बदलता आली. पावसाळ्यात दोन दिवस मशीनवर 1 टक्का चढाने तीन-तीन मिनिटांच्या चार-पाच वेगवान धावा, मध्ये दोन मिनिटे हळू जॉगिंग. एक दिवस लांब, सावकाश धाव. आणि पाऊस उघडेल तेव्हा, आठवड्यातून किमान एकदा, ग्राउंडवर 200 मीटरच्या आठ धावा, प्रत्येक साडेबेचाळीस सेकंदांत, त्याहून जलद नाही. परीक्षेच्या आधीचे शेवटचे तीन आठवडे ट्रेडमिल फक्त अंग गरम करण्यासाठी वापरावे आणि वेगाचा सर्व सराव मैदानावर करावा. वेगाने धावताना मशीनची सुरक्षा क्लिप कपड्याला लावलेली असावीच. 18 च्या वेगाला तोल गेला, तर थांबण्याचे बटण हाताशी येत नाही.

या पद्धतीने सहा आठवड्यांनी तिने त्याच ट्रॅकवर 2 मिनिटे 56 सेकंद काढले, फेऱ्या 86 आणि 90. अजून सहा सेकंद कमी करायचे होते, पण आता ते कुठे आहेत, हे तिला ठाऊक होते : दुसऱ्या फेरीच्या दुसऱ्या वळणात.

आमच्या जिममधील चारही ट्रेडमिलच्या पट्ट्यांवर आता व्हाइटनरचे ठिपके आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, गर्दी सुरू होण्याआधी, कोणाला तरी धावायला लावून मी पन्नास फेऱ्या मोजतो आणि दांड्याला चिकटवलेल्या कागदावर लिहितो : पडद्यावर 17, खरा वेग इतका, तारीख अमुक. तुमच्या जिममध्ये असा कागद नसेल, तर शिंप्याचा टेप आणि मोबाइल घेऊन उद्या सकाळी लवकर जा, तेथील माणसाची परवानगी घ्या, आणि वहीतील जुन्या टायमिंगवर रेघ मारण्याआधी पट्टा मोजा.